विश्लेषण : गाळा एक, डिझायनर आठ! हाराजुकूची फॅशन सामायिक दुकानातून विकणे परवडते का?

टोकियोतील हाराजुकू म्हटले की झालरींचे फुगीर फ्रॉक, रंगीबेरंगी क्लिपांनी भरलेले केस आणि ढगळ टी-शर्ट डोळ्यांसमोर येतात. जगभर गाजलेली ही ‘स्ट्रीट फॅशन’ मोठ्या कंपन्यांनी जन्माला घातलेली नाही. घरातल्या शिलाई मशीनवर काम करणाऱ्या लहान डिझायनरांनी आणि ते कपडे घालून रस्त्यावर उतरणाऱ्या तरुणांनी ती घडवली. मात्र ज्या भागाने या डिझायनरांना मोठे केले, तिथेच आज त्यांना स्वतंत्र दुकान घेणे परवडत नाही. त्यामुळे काही जणांनी मिळून एक गाळा घ्यायचा, भाडे वाटून घ्यायचे आणि आळीपाळीने गल्ल्यावर बसायचे, हा मार्ग पुढे येतो. ही पद्धत चालते कशी, फायदा नेमका कोणाला होतो आणि ती कुठे मोडते?

हाराजुकू म्हणजे नेमके काय?

हाराजुकू नावाचे रेल्वे स्थानक आहे, पण पत्त्यावर हे नाव लिहिले जात नाही. १९६५ मध्ये पत्त्यांची फेररचना झाली तेव्हा हा भाग शिबुया वॉर्डातील ‘जिंगूमाए’ झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर शेजारच्या योयोगीत अमेरिकी लष्करी कुटुंबांची मोठी वसाहत होती. त्यांच्यासाठी इथे परदेशी वस्तूंची दुकाने उघडली. १९६४ च्या ऑलिम्पिकपूर्वी ती जागा जपानला परत मिळाली आणि या भागाला तरुणाईचा चेहरा मिळू लागला.

१९७७ पासून रविवारी इथला रस्ता वाहनांसाठी बंद ठेवला जाऊ लागला. त्याला ‘होकोतेन’ म्हणजे पादचाऱ्यांचा स्वर्ग म्हणत. तिथे बँड वाजत, टोळकी नाचत आणि त्यासाठी खास कपडे शिवले जात. १९८० च्या आसपास गाजलेल्या ‘ताकेनोको-झोकू’ या नाचणाऱ्या तरुणांचे नावच मुळी ताकेशिता गल्लीतल्या एका कपड्यांच्या दुकानावरून पडले. थोडक्यात, रस्ता हा रॅम्प होता आणि दुकान त्याला लागून होते. आज काय शिवले आणि उद्या कोण घालतो, हे डिझायनरला दुकानाच्या दारातूनच दिसत होते.

लहान डिझायनरांना तिथे जागा कशी मिळाली?

याचे उत्तर जुन्या इमारतींत आहे. जिंगूमाए चौकातील ‘सेंट्रल अपार्टमेंट’ या इमारतीत छायाचित्रकार, जाहिरातवाले आणि डिझायनर यांची लहान लहान ऑफिसे होती. फ्लॅटमध्ये शिवायचे आणि तिथूनच विकायचे, अशा उद्योगांना जपानमध्ये ‘मॅन्शन मेकर’ हे नाव पडले. ‘मॅन्शन’ म्हणजे जपानी बोलीत फ्लॅटची इमारत. हितोमी ओकावा यांनी १९७० मध्ये हाराजुकूत सुरू केलेले ‘मिल्क’ हे याच काळातले दुकान.

१९७८ मध्ये मोरी बिल्डिंग कंपनीने ‘लाफोरे हाराजुकू’ हे व्यापारी संकुल उघडले. जपानी ‘मोरी’ म्हणजे जंगल आणि फ्रेंच ‘ला फोरे’चा अर्थही तोच. सुरुवातीला संकुलाला अपेक्षित प्रतिसाद मिळाला नाही. त्यानंतर त्यांनी परिसरातल्याच तरुण डिझायनरांना छोट्या जागा देण्याचे धोरण घेतले आणि लाफोरेचे नाव झाले. मोठा गाळा परवडत नसेल तर लहान तुकडा घ्या, ही कल्पना हाराजुकूला नवी नाही.

१९९४ मध्ये सुरू झालेला ‘डिझाइन फेस्टा’ हा त्याचाच पुढचा टप्पा म्हणता येईल. या प्रदर्शनात कोणीही शुल्क भरून स्टॉल घेऊ शकतो. याच आयोजकांनी १९९८ मध्ये हाराजुकूत गॅलरी सुरू केली. तिथे पूर्ण दालनच नव्हे, तर भिंतीचा एक भागही भाड्याने मिळू शकतो.

एकाच दुकानात दोन ब्रँड चालले का?

चालले, आणि ते उदाहरण जगप्रसिद्ध आहे. जुन ताकाहाशी आणि निगो हे दोघे टोकियोच्या बुन्का फॅशन कॉलेजचे विद्यार्थी. १९९३ मध्ये त्यांनी हाराजुकूच्या मागच्या गल्लीत, म्हणजे ‘उरा-हाराजुकू’त, ‘नोव्हेअर’ नावाचे छोटे दुकान उघडले. जागा दोघांत वाटून घेतली. एका बाजूला ताकाहाशी यांचा ‘अंडरकव्हर’ आणि दुसऱ्या बाजूला निगो यांनी निवडलेला माल. त्याच बाजूने निगो यांचा ‘अ बेदिंग एप’ हा ब्रँड उभा राहिला.

मागची गल्ली निवडण्याचे कारण साधे होते. मुख्य रस्त्याच्या तुलनेत तिथले भाडे कमी होते. माल थोडा, दुकान शोधावे लागणारे, त्यामुळे बाहेर रांगा लागू लागल्या. पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. अंडरकव्हर २००२ पासून पॅरिसच्या फॅशन वीकमध्ये दिसू लागला. बेदिंग एपने देश-परदेशांत झपाट्याने दुकाने काढली, कर्ज वाढले आणि २०११ मध्ये हाँगकाँगच्या आय.टी. समूहाने तिचा सुमारे ९० टक्के हिस्सा अवघ्या २८ लाख डॉलरच्या आसपास घेतला. निगो २०२१ मध्ये केन्झो या फ्रेंच ब्रँडचे कलात्मक संचालक झाले. लहान सामायिक दुकानात जे सांभाळता आले, ते मोठ्या विस्तारात सांभाळता आले नाही, हा या गोष्टीचा कमी सांगितला जाणारा भाग.

मग चित्र कधी बदलले?

१९९८ मध्ये होकोतेन बंद झाले. रस्त्यावरचे फॅशनचे व्यासपीठ गेले, तरी पुढची काही वर्षे जोर टिकला. छायाचित्रकार शोइची आओकी यांनी १९९७ मध्ये सुरू केलेल्या ‘फ्रूट्स’ मासिकाने रस्त्यावरच्या तरुणांचे कपडे जगापुढे नेले. झालरी-लेसचा ‘लोलिता’ प्रकार आणि अंगभर खेळणी-क्लिपा लावणारा ‘डेकोरा’ प्रकार याच काळात परदेशात पोहोचला. लोलिताप्रेमी तरुणीची गोष्ट सांगणारा ‘शिमोत्सुमा मोनोगातारी’ हा चित्रपट २००४ चा.

नोव्हेंबर २००८ मध्ये एच अँड एमने हाराजुकूत दुकान उघडले. २००९ मध्ये फॉरेव्हर ट्वेंटीवन आले. स्वस्त आणि झटपट फॅशनच्या या साखळ्यांना जे भाडे परवडते ते एकट्या डिझायनरला परवडणारे नव्हते. विशेष म्हणजे फॉरेव्हर ट्वेंटीवनने हाराजुकूचे दुकान २०१७ मध्ये आणि जपानमधली उरलेली दुकाने २०१९ मध्ये बंद केली. साखळी निघून गेली, पण जागेचे चढलेले भाव काही तिच्यासोबत गेले नाहीत.

२०१७ मध्येच ‘फ्रूट्स’चा छापील अंक थांबला. टिपण्याजोगे वेगळे कपडे घातलेली मुले आता पुरेशी दिसत नाहीत, असे कारण आओकी यांनी दिले होते. त्याच वर्षी ‘केरा’ मासिकाची छापील आवृत्तीही बंद झाली. लहान ब्रँडसाठी ही मासिके म्हणजे फुकटची जाहिरात होती. भाडे वाढले आणि प्रसिद्धीचे साधन गेले, असा दुहेरी फटका बसला.

माल विकण्याचे पर्याय कोणते?

स्वतंत्र डिझायनरपुढे साधारण चार पर्याय असतात.

पहिला, ‘काइतोरी’. दुकानदार माल घाऊक भावात विकत घेतो. पैसे लगेच मिळतात आणि न विकलेल्या मालाची जबाबदारी दुकानाची. पण भाव कमी मिळतो आणि नवख्या डिझायनरचा माल असा उचलणारे दुकान सहजी मिळत नाही.

दुसरा, ‘इताकु’. माल डिझायनरचा, जागा दुकानाची. विकला तर दुकान कमिशन कापून पैसे देते, नाही विकला तर माल परत. आपल्याकडे दिवाळीपूर्वी दुकानात पणत्या-कंदील ‘विकले तर पैसे’ या बोलीवर ठेवतात, तसेच.

तिसरा, भाड्याची पेटी. दुकानात लहान खण किंवा हँगरच्या दांडीचा तुकडा महिन्याच्या भाड्याने घ्यायचा. कानातली आणि क्लिपा यांसाठी हे सोयीचे, पण झालरींचा फुगीर फ्रॉक खणात मावत नाही.

चौथा, सामायिक दुकान. इथे डिझायनर भाडेकरू नसतात, तेच दुकान चालवतात. भाडे, वीज, पॅकिंग, गल्ला सगळे वाटून. नफा-तोटाही त्यांचाच.

हिशेब कसा बसतो?

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी गृहीत धरलेले आहेत. एका फ्रॉकची किंमत २४ हजार येन. कापड, लेस, अस्तर आणि शिलाई मिळून खर्च ९ हजार येन. (१०० येन म्हणजे ढोबळमानाने ५५ ते ६० रुपये.)

काइतोरीत दुकानाने ५५ टक्के भाव दिला, तर डिझायनरला १३ हजार २०० येन मिळतील आणि खर्च वजा जाता ४ हजार २०० उरतील. इताकुत दुकानाने ३५ टक्के कमिशन कापले, तर १५ हजार ६०० मिळतील आणि ६ हजार ६०० उरतील. सामायिक दुकानात कमिशन नाही. त्यामुळे एका फ्रॉकमागे थेट १५ हजार येन उरतील.

पण खरी मेख पुढे आहे. समजा दुकानाचा महिन्याचा एकूण खर्च ४ लाख ८० हजार येन आणि डिझायनर आठ. म्हणजे फ्रॉक विकला जावो न जावो, प्रत्येकीने महिन्याला ६० हजार द्यायचेच. हा वाटा वसूल व्हायला ४ फ्रॉक विकावे लागतात. तिसऱ्या फ्रॉकवर महिना संपला तर १५ हजारांचा तोटा. त्याच ३ फ्रॉकवर इताकुत १९ हजार ८०० येन हाती आले असते.

इताकुपेक्षा सामायिक दुकान फायद्याचे ठरते ते आठव्या फ्रॉकपासून. ७ फ्रॉक विकले तर इताकुत ४६ हजार २०० आणि सामायिक दुकानात ४५ हजार. ८ विकले की ५२ हजार ८०० विरुद्ध ६० हजार. म्हणजे महिन्याला आठ फ्रॉक विकणारीला हे दुकान सोयीचे आणि तीन विकणारीला अंगावर येणारे. ज्यांना आधाराची सर्वाधिक गरज आहे, त्या नवख्या डिझायनरांनाच ते सर्वात महाग पडते.

श्रमाचाही हिशेब असतो. दुकान महिन्यात २४ दिवस उघडे ठेवले तर प्रत्येकीच्या वाट्याला ३ दिवस गल्ल्यावर बसणे आले. त्या दिवशी शिलाई बंद.

दोघी बाहेर पडल्या तर काय?

वरच्याच उदाहरणात आठपैकी दोन डिझायनर गळाल्या, तर उरलेल्या सहा जणींचा वाटा ६० हजारांवरून ८० हजारांवर जातो. तोटा टाळायला आता ४ नव्हे, ६ फ्रॉक विकावे लागतात. इताकुपेक्षा फायद्यात यायला ८ ऐवजी १०. गल्ल्यावरचे दिवस ३ वरून ४ होतात. जिचा महिना ५ फ्रॉकवर थांबतो, ती कालपर्यंत काठावर का होईना पण तरली होती. आता तीही बाहेर पडण्याचा विचार करू लागते. सामायिक दुकाने बंद पडतात ती अनेकदा अशी, एकामागून एक.

यात जपानमधील डिपॉझिटची भर पडते. व्यापारी गाळ्यासाठी अनेक महिन्यांचे, काही वेळा वर्षभराचे भाडे आधी ठेवावे लागते. वेगळे होताना ते पैसे कोणाचे, हा प्रश्न पहिल्या दिवशी लिहून ठेवला नसेल तर शेवटच्या दिवशी भांडण ठरलेले.

अशी दुकाने कायद्याने ‘सहकारी’ असतात का?

असतीलच असे नाही. चार मैत्रिणी तोंडी बोलीवर दुकान चालवतात तेव्हा करार बहुधा एकीच्या नावावर असतो आणि घरमालकाच्या दृष्टीने सगळी जबाबदारी तिची. जपानमध्ये त्यासाठी दोन कायदेशीर वाटा आहेत.

१९४९ च्या कायद्यानुसार लहान-मध्यम उद्योजकांना व्यवसाय सहकारी संस्था काढता येते. त्यासाठी किमान ४ व्यावसायिक लागतात आणि सरकारी मंजुरी घ्यावी लागते. सभासद आपापला धंदा स्वतंत्र ठेवून विक्री किंवा खरेदी एकत्र करू शकतात. स्वतःचा ब्रँड जपणाऱ्या डिझायनरांच्या स्वभावाला ही रचना जवळची आहे.

दुसरी वाट नवी. कामगार सहकारी संस्थांचा कायदा डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झाला आणि १ ऑक्टोबर २०२२ पासून लागू झाला. इथे ३ जण पुरतात आणि सरकारी मंजुरीची अट नाही. सभासदांनी भांडवल घालायचे, मत मांडायचे आणि कामही करायचे. मात्र संस्था आणि सभासद यांच्यात नोकरीचा करार होतो. त्यामुळे ‘मी माझी मालकीण’ म्हणणाऱ्या डिझायनरला ही चौकट अडचणीची वाटू शकते.

दोन्हीकडे एक सभासद, एक मत. साखर कारखाने आणि दूध संघ पाहिलेल्या मराठी वाचकाला हे सांगायला नको. महाराष्ट्रात मात्र सहकारी संस्था नोंदवायला वेगवेगळ्या कुटुंबांतील किमान १० जण लागतात.

करामुळे काय फरक पडला?

जपानमध्ये १० टक्के उपभोग कर आहे. वर्षाला १ कोटी येनपर्यंत विक्री असलेल्यांना तो भरण्यातून सामान्यतः सूट असते. १ ऑक्टोबर २०२३ पासून नवी बीजक पद्धत आली. नोंदणीकृत व्यावसायिकाचे बीजक असेल तरच खरेदीदाराला कराची पूर्ण वजावट मिळते आणि नोंदणी केली की सूट जाते. आपल्याकडे जीएसटी नंबर नसलेल्या पुरवठादाराकडून माल घेताना व्यापारी नाक मुरडतो, तसाच हा प्रकार. पहिल्या तीन वर्षांसाठी ८० टक्के वजावटीची सवलत ठेवली गेली, तरी काइतोरी पद्धतीने माल घेणाऱ्या दुकानांसाठी विनानोंदणी डिझायनर महाग झाला. सामायिक दुकानात डिझायनर थेट ग्राहकाला विकते. सामान्य ग्राहकाला वजावटीशी देणेघेणे नसते. त्यामुळे हा फटका तिथे तुलनेने कमी बसतो.

ऑनलाइन विक्री असताना दुकान हवेच कशाला?

क्रीमा (२०१०), मिन्ने आणि बेस (दोन्ही २०१२) यांसारख्या जपानी सेवांमुळे घरबसल्या विक्री शक्य झाली. पण या कपड्यांची गोम घालून पाहण्यात आहे. लोलिता फ्रॉक अनेकदा एका-दोन मापांतच येतात आणि पाठीमागच्या इलॅस्टिकच्या चुण्यांवर माप सांभाळले जाते. लेसचा पोत, घेराचा फुगीरपणा फोटोत कळत नाही. शिवाय २४ हजार येन मोजणाऱ्या ग्राहकाला शिवणारी समोर भेटली तर विश्वास बसतो आणि डिझायनरलाही खांदा कुठे ताणतो हे तिथल्या तिथे कळते.

दुसरे कारण पर्यटक. २०२४ मध्ये जपानला सुमारे ३ कोटी ६८ लाख परदेशी प्रवाशांनी भेट दिली. हाराजुकूत येणाऱ्याला आठ ब्रँड एका दारात मिळाले, तर एकीच्या फ्रॉकसाठी आलेली ग्राहक दुसरीची कानातली घेऊन जाते. हा फायदा वरच्या हिशेबात दिसत नाही, पण सामायिक दुकानाची खरी ताकद तीच.

नक्कल झाली तर संरक्षण आहे का?

मर्यादित आहे. जपानच्या अनुचित स्पर्धा प्रतिबंधक कायद्यानुसार एखाद्या उत्पादनाच्या रूपाची हुबेहूब नक्कल विकणे, जपानमधील पहिल्या विक्रीपासून ३ वर्षांपर्यंत रोखता येते. त्यासाठी वेगळी नोंदणी लागत नाही. पण पहिली विक्री कधी झाली याचा पुरावा लागतो आणि वकिलाचा खर्च एकटीला झेपत नाही. दुकानाच्या सामायिक वहीत तारीख-वार नोंद असेल तर तोच पुरावा ठरू शकतो. कोल्हापुरी चपलेसारखी पादत्राणे २०२५ मध्ये प्रादाच्या मिलानमधील शोमध्ये झळकली तेव्हा आपल्याकडे हाच प्रश्न आला होता. एकट्या कारागिराला अशा वेळी कोण ऐकतो?

टिकण्यासाठी काय लागते?

पहिली गोष्ट म्हणजे समान वाट्याऐवजी मिश्र वाटा. ठरावीक रक्कम कमी ठेवायची आणि त्यावर विक्रीनुसार थोडी टक्केवारी घ्यायची. वरच्या उदाहरणात प्रत्येकी ३० हजार येन आणि प्रत्येक फ्रॉकमागे ५ हजार असे ठेवले, तर ३ फ्रॉक विकणारीचा १५ हजारांचा तोटा जाऊन ती ना नफा ना तोट्यावर येते. आठही जणींनी सरासरी ६ फ्रॉक विकले की दुकानाचे ४ लाख ८० हजार भरून निघतात. जास्त विकणारी जास्त देते, पण १० फ्रॉक विकूनही तिच्या हाती ७० हजार उरतात. इताकुत ते ६६ हजार असते. याचा अर्थ सरासरीखाली महिना गेला तर तूट भरण्यासाठी राखीव निधी हवाच.

दुसरी गोष्ट म्हणजे लेखी नियम. बाहेर पडण्यापूर्वी किती महिने सांगायचे, डिपॉझिट कसे परत मिळणार, खिडकीतला बाहुला कोणाच्या कपड्यांचा आणि किती दिवस, गल्ल्यावर बसणाऱ्या सभासदाने आपलाच माल पुढे केला तर काय. भांडणे होतात ती याच बारीकसारीक गोष्टींवरून.

१९५९ मध्ये गिरगावात सात महिलांनी ८० रुपयांच्या उसनवारीवर पापड लाटायला घेतले आणि त्यातून लिज्जत उभे राहिले. कायद्याच्या कागदावर तीही सहकारी संस्था म्हणून नव्हे, तर सोसायटी म्हणून नोंदली गेली. पण तिथे माल एकच होता, पापड. हाराजुकूच्या गाळ्यात आठ जणींच्या आठ तऱ्हा असतात आणि ग्राहक येतो तो त्या वेगळेपणासाठीच. नाव वेगवेगळे ठेवून भाडे एकत्र भरायचे, हे त्या दुकानाचे गणित. महिन्याचा आठवा फ्रॉक विकला जातो की नाही, यावर ते सुटते किंवा अडते.